तावीच्या दोन सारख्या गाड्या

ऑक्टाव्हियान प्रेदाला तिमिशोआरा शहरात सगळे तावी म्हणत. गाड्यांच्या रडारवर काम करणारा हा इंजिनिअर इतका टापटिपीचा, की त्याची बायको लाव्हिनिया पाहुण्यांना त्याचं कपाट उघडून दाखवायची. आत एकाच निळ्या रंगाचे शर्ट ओळीनं लटकलेले.

"आणि तरी रोज विचारतो, आज कुठला घालू!"

"प्रत्येकाची कॉलर वेगळी झिजते," तावी गंभीरपणे सांगायचा.

गाडीच्या नाकातला रडार लाटा सोडतो आणि आदळून परत आलेल्या लाटांवरून पुढे काय आहे ते ओळखतो. पण समोरून तसलाच रडार लावलेली दुसरी गाडी आली, की तिच्या लाटा हा आपल्याच समजतो. मग मोकळ्या रस्त्यावर कुणीतरी उभं असल्याचा भास होतो आणि गाडी करकचून ब्रेक लावते. तावीनं यावर तोड काढली होती. लाट केव्हा आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर सोडायची, हे प्रत्येक रडारनं दर वेळी मनाला येईल तसं ठरवायचं. मग दोघांच्या लाटांची टक्कर झालीच तर क्षणभराची, आणि तेवढा बिघडलेला भाग गाळून टाकता येतो.

हे दाखवायला त्यानं खात्याच्या प्रमुख स्तांच्युबाईंना जुन्या धावपट्टीवर बोलावलं. दोन्ही गाड्या त्यानं स्वतः तयार केल्या होत्या. सॉफ्टवेअर तेच, आणि दोन्ही रडार एकदम सुरू व्हावेत म्हणून बटणसुद्धा एकच. एका गाडीत जुने ड्रायव्हर त्रायानकाका बसले, दुसरीत तावीची सहकारी कोरिना.

गाड्या समोरासमोर आल्या आणि काकांची गाडी कचकन थांबली, पाठोपाठ कोरिनाचीही.

"काय दिसलं, काका?"

"तुझ्या गाडीला विचार. मला तर ससासुद्धा दिसला नाही."

पुन्हा गाड्या सोडल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गाडी थांबली तसे काका खाली उतरले, टोपी काढली आणि रिकाम्या धावपट्टीपुढे कमरेत वाकले. "या भूतबाई, आधी तुम्ही जा."

स्तांच्युबाईंना हसू आवरेना. तावीचे कान लाल झाले.

बाकीचे शेगडीवरचे मिच, म्हणजे खिम्याचे कबाब, खायला गेले, तावी मात्र लॅपटॉप घेऊन बसला. अधूनमधून गडबड झाली असती तर समजण्यासारखं होतं. पण दर वेळी? योगायोग इतका इमानदार नसतो. त्यानं दोन्ही रडारांच्या नोंदी एकावर एक ठेवल्या. रेषेवर रेष अशी बसली, की चुकून एकच फाइल दोनदा उघडली असं त्याला वाटलं. बंद करून परत उघडल्या, तरी तेच. मग त्यानं कपाळावर हात मारून घेतला. दोन्ही रडार मनाला येईल तसे वागत होते खरे, पण त्यांचं मनच एक होतं! ज्या आकड्यापासून त्यांची निवड सुरू व्हायची, तो त्यानं दोघांनाही एकच दिला होता.

वायर सैल होती, असं सांगून निभावलं असतं. पण तावी सरळ शेगडीपाशी गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"म्हणजे भूत कुणी आणलं?" बाईंनी विचारलं.

"मीच. दोघांना जुळं करून ठेवलं."

"अरे, शर्टांवरच थांबायचं होतंस की," काका म्हणाले आणि त्याच्यासाठी झाकून ठेवलेली बशी पुढे सरकवली. तावी उभ्याउभ्याच खाऊ लागला. मिच गार झाले होते, पण मोहरी नाकात गेल्यावर त्याला जरा तरतरी आली.

मग त्यानं सॉफ्टवेअर बदललं. आता प्रत्येक रडार सुरू होताना स्वतःच्याच यंत्रातल्या खरखरीवरून आपला आकडा उचलणार होता, आणि ती खरखर काही दोन यंत्रांत सारखी नसते.

दुपारी स्तांच्युबाई स्वतः काकांच्या शेजारी जाऊन बसल्या. गाड्या निघाल्या तसे तावीनं डोळे घट्ट मिटून घेतले. टायरांचा आवाज जवळ आला, वाढला आणि न अडखळता पुढे निघून गेला. कोरिनाच्या गाडीचा हॉर्न आनंदानं वाजत राहिला.

काकांनी गाडी वळवून त्याच्यापाशी आणली आणि काच खाली केली. "पाहिलंस का?"

"नाही," तावी ओशाळून म्हणाला.

"मग उघडे ठेव डोळे. बाई, धरून बसा," असं म्हणत काकांनी गाडी पुन्हा धावपट्टीवर घातली.