फिरायला जातो, असं सांगून

सिंदेवाहीच्या शाळेत मी सव्वीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. धाप लागलेलं पोर थांबलं की त्याला आणखी एक फेरी मारायला लावायचो. पुढं पन्नाशी ओलांडल्यावर रक्ततपासणीत मलाच शुगर निघाली. आजाराची भीती कमी वाटली, लाज जास्त. शाळेत कुणालाच सांगितलं नाही. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज तासभर चालायला सांगितलं. मला, पीटीच्या मास्तराला, चालायला सांगावं लागतं, हेच मनाला लागलं.

चार दिवस गेलो. पाचव्या दिवशी बूट घालून निघालो आणि भात संशोधन केंद्राकडच्या रस्त्यावर पुलियाच्या, म्हणजे छोट्या पुलाच्या, कठड्यावर बसलो. पाय दुखत नव्हते, पण पुढं जावंसंच वाटेना. समोर भाताच्या बांध्यांमध्ये बाया रोपं लावत, रोवणा करत होत्या, त्यांच्याकडे बघत तास काढला. परतताना रस्त्याकडेच्या बोअरिंगच्या हातपंपावर तोंड ओलं केलं, म्हणजे घाम आल्यासारखं दिसावं. बायकोनं दारातच टॉवेल दिला.

असे अडीच महिने गेले. तोवर तिनं स्वतःच्या चहातली साखरही बंद केली होती, मला एकटं वाटू नये म्हणून. शेजारच्या भाऊंनाही शुगर होती. त्यांनी एकदा विचारलं, एवढं रोज कसं जमतं? मी त्यांना चांगली दहा मिनिटं सांगितलं, की आठवडाभर पोटऱ्या दुखतात, मग अंगाला सवय होते, मन कसं हलकं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते खरोखर चालू लागले. ते येताना दिसले की मी पुलियावरून उठून बुटाची लेस बांधत उभा राहायचो.

पुन्हा रक्त तपासलं तर साखर आधीपेक्षा वाढलेली. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले आणि म्हणाले, चालणं नियमित आहे ना? शेजारी बसलेली बायको म्हणाली, "जातात जी रोज. एकही दिवस चुकत नाई."

डॉक्टरांनी गोळी वाढवली.

बसस्टँडवर बाकावर बसल्यावर मी तिला म्हटलं, माझं एक सांगायचं राहिलं आहे. तिनं मान हलवली. म्हणाली, "मले माहीत आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुमचा फोन घरी राह्यला होता. तो द्याले आली होती मी. तुमी बसून होते."

"मग बोलली काऊन नाई?"

"तुमचं तोंड पाह्यलं. थकल्या माणसाचं नोतं ते. हारल्यासारखं होतं." मग ती म्हणाली, "डॉक्टरसमोर तुमाले खाली पाहाले लागलं असतं. मले ते पाहवलं नसतं."

एवढ्या वर्षांत मी तिला कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. माझ्यासाठी ती बोलली, आणि मी ऐकून गप्प बसलो होतो.

आमची बस लागली होती, पण आम्ही परत दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना सगळं सांगितलं, बोअरिंगच्या पाण्यासकट. ते रागावले नाहीत. झोप कशी आहे, जेवावंसं वाटतं का, पूर्वी आवडायचं ते आता आवडतं का, असं विचारत गेले. साखरेबरोबर मनही खचतं, पुष्कळांचं खचतं, म्हणाले. वाढवलेली गोळी तूर्त थांबवली आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तासभर नको, दहा मिनिटं चाला, पण कुणासोबत तरी चाला, असं सांगितलं.

आता बायको बरोबर येते. काही दिवस मी दारातूनच परत फिरतो. तेव्हा ती आग्रह धरत नाही, संध्याकाळी पुन्हा विचारते. साखर उतरली आहे, मन त्याहून सावकाश सावरतं आहे.

शेजारच्या भाऊंना मात्र अजून सांगता आलेलं नाही. त्यांची साखर माझ्या आधी आटोक्यात आली. परवा चौकात चार माणसांसमोर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "या मास्तरनं मले चालाले लावलं." मी हसलो. घरी येऊन कितीतरी वेळ बूट न काढता तसाच बसून राहिलो.