अकरा मिनिटांचा साक्षीदार

चावीवाल्यांची मुलगी भलतीच बडबडी होती. भाजी चिरताना बोलायची, केस विंचरताना बोलायची, झोपेतसुद्धा कुणाशी तरी वाद घालायची. औषधांच्या दुकानात नोकरीला लागली तेव्हा तिची आई म्हणाली होती, "गिऱ्हाईक एक गोळी घ्यायला येईल आणि हिचं ऐकून डोकेदुखीची दुसरी घेऊन जाईल."

त्याच दुकानात, ती चोवीस वर्षांची असताना, एका दुपारी एक माणूस चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागायला आला. तिनं नाही म्हटलं. त्यानं चाकू काढला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. पण वार केल्यावर तो पळाला नाही. काउंटरवरच्या फोनवरून त्यानंच अँब्युलन्स बोलावली आणि तिच्याशेजारी फरशीवर बसून राहिला. अँब्युलन्स यायला अकरा मिनिटं लागली. डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे त्यातला बराचसा वेळ ती शुद्धीवर होती.

खटल्यात त्या माणसानं तोंडातून चकार शब्द काढला नाही. याआधीही एक खून त्याच्या हातून झाला होता. त्याला फाशीची शिक्षा झाली आणि अपिलांमध्ये नऊ वर्षं गेली.

चावीवाल्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोपटी. भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, पुढ्यात चावी कापायचं यंत्र, मांडीवर पितळेचा कीस. एक साधी चावी कापून कानशीनं घासायला त्यांना साडेपाच मिनिटं लागत. म्हणजे अकरा मिनिटांत दोन चाव्या. किल्ल्या हरवलेली माणसं समोर उभी राहून आपल्या विसरभोळेपणाच्या गमती सांगत, चावीवाले हं हं करत, आणि दुसरी चावी घासून झाली की हात आपोआप थांबे. एवढा वेळ आपली पोर गप्प राहिली असेल? शक्यच नाही. काहीतरी बोलली असणार. आणि ती जे बोलली ते या जगात एकाच माणसानं ऐकलं होतं.

हे त्यांनी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

मग फाशी कायमची बंद करायचा कायदा पुढे आला. रेडिओवर वाद सुरू झाले. लोकांचं म्हणणं ऐकायला एक समिती गावोगाव फिरू लागली आणि चावीवाल्यांच्या घरी माणसांची रीघ लागली. फाशी हवी म्हणणाऱ्यांतले एक निवृत्त मास्तर आले. नको म्हणणाऱ्यांतल्या एक वकीलबाई आल्या. दोघंही सज्जन होती, दोघांनीही भिंतीवरच्या मुलीच्या फोटोकडे बघून मान खाली घातली. चावीवाल्यांनी दोघांनाही एवढंच सांगितलं, फाशी नको.

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही त्याला माफ केलंय असं समितीपुढे सांगितलंत तर फार फरक पडेल."

"पण मी माफ केलेलं नाही," चावीवाले म्हणाले.

"मग फाशी का नको म्हणता?"

ते बाईंना दारापर्यंत सोडायला उठले. बाई गेल्यावर बायकोनं कपबशा गोळा केल्या आणि विचारलं, "आता मला तरी सांगा. का नको?"

"त्यानं तिचं शेवटचं बोलणं ऐकलंय. तो गेला की तेही गेलं."

बायकोनं कपबशा परत खाली ठेवल्या. मग म्हणाली, "तो सकाळी उठतो. चहा पितो. ऊन पडलं की त्याच्या अंगावर ऊन पडतं. मला हे सोसत नाही हो. आणि तिचा एक शब्दसुद्धा मला त्याच्या तोंडून नको."

"मला हवा आहे," चावीवाले म्हणाले. "कसाही चालेल."

सुनावणीला दोघं एकाच बसनं गेली, शेजारी शेजारी बसून. नगरभवनात लांब टेबलामागे तीन सदस्य होते आणि बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं. बायको आधी बोलली. आवाज न चढवता म्हणाली, "माझी मुलगी परत येणार नाही हे मला माहीत आहे, ते मला कुणी समजावू नका. पण ती नसलेल्या जगात तो आहे, हा हिशेब चुकलेला आहे. एवढंच." ती परत जागेवर येऊन बसली. चावीवाल्यांनी तिला पाण्याची बाटली उघडून दिली आणि आपण उठले.

"मला त्याची दया येत नाही," ते म्हणाले. "पण माझ्या मुलीची अकरा मिनिटं त्याच्याजवळ आहेत आणि मला ती हवी आहेत. मेलेल्या माणसाला मी काय विचारू?"

सभागृहात चुळबूळ झाली. मास्तरांनी मान फिरवली. वकीलबाईंनाही हे उत्तर फारसं उपयोगाचं वाटलं नसावं, त्यांनी काही लिहून घेतलं नाही.

कायदा चार मतांच्या फरकानं मंजूर झाला. त्या माणसाची फाशी जन्मठेपेवर आली. बायकोनं रेडिओ बंद केला.

"झालं तुमच्या मनासारखं," ती म्हणाली.

"माझ्या मनासारखं काय झालंय गं या नऊ वर्षांत?"

फाशीच्या कैद्याला परक्यांना भेटू देत नसत; आता चावीवाल्यांनी भेटीसाठी अर्ज केला. कैद्यानं नकार दिला. त्यांनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा नकार आला. तिसऱ्या अर्जात त्यांनी एकच ओळ लिहिली: मला भांडायचं नाही, ती काय बोलली तेवढं सांग. महिन्याभरानं तारीख मिळाली.

काचेपलीकडे बसलेला माणूस त्यांच्या आठवणीतल्यापेक्षा लहानखुरा होता. डोक्यावरचे केस गेलेले. चावीवाल्यांनी वाटेत शंभरदा घोकलेलं वाक्य विसरून नुसतंच विचारलं, "बोलली का ती?"

"बोलली," तो म्हणाला. काचेकडे न बघता. "दुकानातला फ्रिज उघडा राहिला होता. दार लाव म्हणाली. आतली इंजेक्शनं खराब होतील."

"मग?"

"मी लावलं. नीट बसलं नाही म्हणाली. परत लावलं. एका म्हातारीचं इंजेक्शन आहे म्हणाली, ती संध्याकाळी यायची होती."

"आणखी?"

"हळूहळू बोलत होती. मला सगळं कळलं नाही. सावकाशीनं सांगते, असं काहीतरी म्हणाली. मग पुढे नाही."

चावीवाले काचेजवळ सरकले. मग ज्यासाठी नऊ वर्षं जीव टांगणीला लागला होता, ते त्यांनी विचारलं. "बाबा म्हणाली का? मला हाक मारली का?"

त्या माणसानं पहिल्यांदा वर बघितलं. हो म्हणणं त्याला सोपं होतं.

"नाही," तो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये चावीवाले खिडकीशी बसून रडले. शेजारच्या बाईंनी विचारलं, तेव्हा डोळ्यांत काहीतरी गेलं म्हणाले. हाक मारली नव्हती. पण ते "नीट बसलं नाही, परत लाव", हा तिचाच आवाज होता. तो त्यांच्या कानात असा आला की जणू ती मागच्या सीटवर बसली आहे. आणि एवढं मिळाल्यावर भूक भागायच्या ऐवजी उलट भडकली. त्या म्हातारीबद्दल ती आणखी काय म्हणाली असेल?

घरी आल्यावर बायकोनं वाढलं. काही विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी दोघं गच्चीवर वाळलेल्या चादरी काढत होती. एका चादरीची टोकं जुळवायला बायको जवळ आली आणि तिनं त्यांच्या हातातली टोकं घेतलीच नाहीत.

"काय म्हणाली?" तिनं विचारलं.

त्यांनी सांगितलं. फ्रिज, दार, म्हातारी, सगळं. हाक मारली नाही हेही सांगितलं.

बायकोच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की कशाचा ते चावीवाल्यांना कळलं नाही. "घरातल्या फ्रिजचं दार कधी लावलं नाही हो तिनं," ती म्हणाली. "ओरडून ओरडून माझा घसा बसायचा."

"हो."

"दुखतंय म्हणाली का?"

"ते मी विचारलं नाही. धीर झाला नाही."

तिनं चादरीची टोकं घेतली, घडी घातली, छातीशी धरली. खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"परत भेटू देतात का?"

"तीन महिन्यांनी."

"मग तेव्हा विचारा," ती म्हणाली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "आणि ती म्हातारी कोण होती, तेही विचारा."