कारखान्याच्या वहिनी

पंपांच्या कारखान्यात त्या कामगार अधिकारी होत्या, पण शिपायापासून फोरमनपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. कारण युनियनचा सेक्रेटरी त्यांचा सख्खा दीर, आणि तो भर मीटिंगमध्येही "वहिनी, हे चालायचं नाही!" असंच गरजायचा. दीर-जाऊ वरच्या मजल्यावर राहत, वहिनी खाली. जाऊ कारखान्याच्याच कँटीनमध्ये स्वयंपाकाला होती.

मग खर्चकपातीचं वारं आलं. मोठ्या साहेबांनी वहिनींना केबिनमध्ये बोलावलं. "कँटीन ठेकेदाराला देतोय. सोमवारी जाहीर करू. तोवर तोंडाला कुलूप."

"युनियनला आधी सांगितलं तर सोपं जाईल, साहेब."

साहेबांनी नकारार्थी मान हलवली.

रविवारी जाऊ हसतखेळत खाली आली. मुख्य स्वयंपाकीण निवृत्त होणार होती, तिची जागा बहुतेक आपल्यालाच मिळणार, असं सांगू लागली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत राहिल्या. एकाच चादरीची घडी त्यांनी दोनदा घातली.

सोमवारी नोटीस लागली आणि दीर तरातरा आला. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं, भाऊजी. घरात सांगितलं असतं तर तुमच्याच लोकांनी म्हटलं असतं, दोघं घरी ठरवून आलेत."

"पुरे. आता गेटवर भेटू."

काम बंद पडलं. साहेब चिडले, घासाघीस झाली. कोणालाही रस्त्यावर काढायचं नाही, हे वहिनींनी साहेबांच्या गळी उतरवलं. जुन्या बायकांना पॅकिंगमध्ये घ्यायचं, बाकीच्यांनी त्याच पगारावर ठेकेदाराकडे जायचं, असं ठरलं. नोकरीच्या वर्षांप्रमाणे यादी झाली, आणि पॅकिंगच्या रेषेखाली जाऊ जेमतेम आली.

सही करायच्या वेळी साहेब उदार झाले. "एक नाव वर घ्या की, घरचंच आहे."

एक नाव वर, म्हणजे भांडी घासणारी मावशी खाली. दिराने वहिनींकडे पाहिलं. "काय करू?"

"मी कंपनीची माणूस आहे, भाऊजी. हे मला विचारू नका."

त्याने आहे तशी सही ठोकली.

"एकीला कंपनी प्यारी, एकाला युनियन," जाऊ संध्याकाळी जिन्यातूनच म्हणाली. "मी कोणाची?" त्यानंतर तिने वहिनींशी बोलणंच टाकलं.

ठेकेदाराने लवकरच रंग दाखवला. साप्ताहिक सुट्टी बंद केली. एका सकाळी कँटीनची शेगडी पेटलीच नाही. जाऊ सगळ्या बायकांना घेऊन वहिनींच्या ऑफिसात आली आणि तिथे तक्रार घेऊन आलेल्या ठेकेदाराच्या समोरची खुर्ची ओढून बसली. "मॅडम, आधी आमचं ऐका."

'मॅडम' वहिनींना चांगलंच झोंबलं. पण त्यांनी ऐकून घेतलं, ठेक्याच्या अटी वाचून दाखवल्या, ठेकेदाराला घाम फुटला. सुट्टी परत मिळाली.

त्या रात्री जाऊ आपणहून खाली आली. "त्याचं तोंड बघितलंत का हो?" म्हणत ती हसत सुटली, आणि वहिनीही.

ठेक्यावरच्या बायकांना युनियनमध्ये घ्यायचा प्रश्न अजून लटकलेला आहे. साहेब टाळतात. दीर घोषणा देतो, जाऊ त्याच्यापेक्षा मोठ्याने देते, आणि वहिनी रोज केबिनमध्ये जाऊन साहेबांना तेच विचारतात.