चौथ्या लेनमधलं जाळं

आमच्या घरात पत्रकं असायची. बाबा छापून आणायचे, आई घड्या घालायची, आणि उरलेल्या कागदांवर मी अक्षरं गिरवायची. मिरवणुकांत घोषणा देऊन देऊन माझा आवाज असा तयार झाला होता की तळ्याच्या या पाळीवरून हाक मारली तर त्या पाळीवरचे बगळे उडायचे. आमच्या शाळेत मुलींचा नौकानयनाचा संघ निघाला, तेव्हा खेळाच्या सरांनी मला घेतलं ते या आवाजासाठी आणि माझ्या अडतीस किलो वजनासाठी.

"तू वल्ह्याले हात नको लावू," सर म्हणाले. "तू फक्त ओरड."

मी कॉक्स झाले. नौकेत चार जणी वल्ही मारतात आणि पाचवी, म्हणजे मी, मागच्या टोकाला सुकाणूच्या दोऱ्या धरून बसते. चौघींची पाठ जायच्या दिशेला असते, तोंड माझ्याकडे. पुढचं पाणी फक्त मला दिसतं. चौघीही मासेमारी करणाऱ्या घरांतल्या. डोंग्यात उभं राहून, समोर बघत पाणी कापणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या हसून हसून पडायच्या राहिल्या.

"अशी उलटी बसून कोण जाते वं? पाहुण्याच्या घरून परत येऊन राह्यलो का आपण?"

हे म्हणणारी माझ्या अगदी समोर बसायची. तिच्या वल्ह्याच्या लयीवर मागच्या तिघी चालायच्या. अकरावीत होती, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिला हा खेळ चटकन आला, कारण पाणी तिला हाताला कळायचं. पण ती रोज पहाटे यायची ती खेळासाठी नाही. विभागाच्या स्पर्धेत पहिला आलेला संघ राज्यावर जाणार होता, आणि राज्यावर गेलेल्या मुलीला क्रीडा वसतिगृहात जागा मिळायची. राहणं, जेवण, कॉलेज, सगळं. नाही मिळाली तर काय, हे तिच्या घरी ठरलेलं होतं. फेब्रुवारीत घरच्यांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला जायचं आणि शिक्षणाचं नंतर बघायचं. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही पाण्यात पाय सोडून, दुसरीकडे बघत.

दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आमचा मोसम. दर दुसऱ्या रविवारी कुठल्या ना कुठल्या तळ्यावर स्पर्धा. नौका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, खाली तणसाच्या पेंढ्या, वर जुन्या ट्यूबने बांधलेली. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना तिला धरून बसायचो, कारण तिच्याहून महाग वस्तू आमच्यापैकी कुणाच्याच घरात नव्हती. पहिल्या स्पर्धेत आम्ही शेवटच्या आलो. दुसरीत तिसऱ्या. चंद्रपूरच्या एका शाळेच्या मुली ट्रॅकसूट घालून यायच्या आणि आमच्या नौकेवरची ठिगळं मोजायच्या. मी त्यांच्याशी भांडायला जायची. समतेवर चार वाक्यं माझ्या तोंडात कायम तयार असत. ती मला दंडाला धरून मागे ओढायची.

"भाषण पाण्यावर दे. तेथी कामी येते."

जिल्ह्याच्या स्पर्धेत आम्ही पहिल्या आलो. त्यानंतर मला झोप नीट येईना. वर्गात बसले तरी पाय हलत राहायचे, चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, मिनिटाला किती वल्ही हे मोजत.

विभागाची स्पर्धा पोंभुर्ण्याच्या बाजूच्या एका मोठ्या मामा तलावावर होती. मालगुजारांच्या काळातलं तळं, एका अंगाला शिंगाड्याची वेल पसरलेली. आयोजकांनी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नोटीस लावली होती की दोन दिवस तळ्यात जाळी टाकू नयेत. आम्हाला चौथी लेन मिळाली, शिंगाड्याच्या कडेची.

निघालो ते बरोबर निघालो. अर्ध्यावर आम्ही अर्ध्या नौकेने पुढे होतो. ट्रॅकसूटवाल्यांची कॉक्स माझ्या खांद्याच्या मागे ओरडत होती आणि तो आवाज मागे मागे जात होता. असं सुख मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. आणि तेवढ्यात मला पुढे पाण्यावर पांढरे ठिपके दिसले. थर्माकोलचे तुकडे, एका ओळीत, आमच्या लेनमध्ये तिरके शिरलेले. कुणाचं तरी जाळं राहिलं होतं.

नियम मला तोंडपाठ होता. अडथळा दिसला की कॉक्सने हात वर करायचा. पंच मोटारबोटीतून मागे असतात, ते लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवतात आणि पहिल्यापासून पुन्हा घेतात. पहिल्यापासून. म्हणजे आमची ती अर्धी नौका गेली. मी हिशेब केला की नौका हलकी आहे, घसरून जाईल. हात उचलला नाही.

समोरून तिने माझा चेहरा पाहिला. वल्हं न थांबवता दातांतून म्हणाली, "काऊन? काय हाय?"

"काही नाई. मारा! दहा जोरात!"

सातव्या वल्ह्याला नौकेच्या पोटाखालचं पातं जाळ्यात अडकलं. नौका कुणीतरी शेपटी धरावी तशी मागे खेचली गेली. मी ओरडत होते, "ओढा! तुटून जाईल, ओढा!" आणि तिने वल्हं वर उचललं. तिने उचललं म्हणून मागच्या तिघींनीही उचललं. पाण्याबाहेर चार वल्ही, टपटपणारी. त्यांच्या गावात लहानपणापासून हेच असतं. दुसऱ्याचं जाळं अडकलं की कुणीही वल्हं मारायचं नाही, ज्याच्या जवळ अडकलं त्याने हाताने सोडवायचं. जाळं तोडत नाहीत. त्या चौघींना याचा विचारही करावा लागला नाही.

माझ्या बाजूने ओणवी होऊन, दंडापर्यंत हात पाण्यात घालून ती जाळ्याचं एकेक घर सोडवत राहिली. तीन नौका निघून गेल्या. मी रडत होते, शिव्या देत होते, ज्या घरात शिवी कधी ऐकली नाही त्या घरातली मी. तिने शेवटचा फास काढला, थर्माकोल सरळ लावून दिला आणि मगच वर पाहिलं.

"तुले दिसलं होतं ना?"

मी सुकाणूच्या दोऱ्या पुन्हा हातात घेतल्या.

"मंग हात काऊन नाई उचलला?"

"आपण पुढं होतो."

"पुढं होतो," ती म्हणाली आणि वल्हं धरलं. आम्ही शेवटच्या पोचलो.

काठावर एक म्हातारी लुगड्याचा काचा मारून पाण्यात गुडघाभर उभी होती. जाळं तिचं. लेकीकडे गेली होती, नोटीस तिला कुणी वाचून दाखवली नव्हती. "माह्या जाळ्यावरून नाव नेता? तळं का तुमच्या बापाचं हाय?" ती सगळ्यांवर एकदमच ओरडत होती. मग जाळं ओढून तिने चाचपलं. कुठेच तुटलेलं नव्हतं. तिने आमच्यातल्या एकीच्या भिजलेल्या बाहीकडे पाहिलं.

"कोणाची वं तू?"

"ढिवराची."

"मंग बरोबर," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा आयोजकांकडे वळून ओरडायला लागली.

सरांनी मला मंडपाकडे पिटाळलं. हरकतीचा अर्ज लिही, म्हणाले, अजून आशा आहे. अर्ज तर माझ्या हाडात होते. पानभर लिहिलं. आयोजकांचा निष्काळजीपणा, ग्रामीण मुलींवरचा अन्याय, आणि मधे एक वाक्य, 'सदर जाळे आम्हांस आधी दिसले नाही.' ते लिहिताना पेन अडखळलंसुद्धा नाही.

मुख्य पंचांनी ते सगळं शांतपणे वाचलं.

"बेटा, बाकीचं राहू दे. एकच सांग. जाळं तुला आधी दिसलं होतं का? दिसलं नसेल तर चूक आमची, शर्यत पुन्हा घेतो. जाळं टाकणाऱ्या बाईचं काय करायचं ते मच्छीमार सोसायटी बघेल."

सरांचा बूट माझ्या पायावर होता. माझ्या डाव्या हाताला ती उभी होती, बाहीतून पाणी गळत. विवेक जागा झाला असं लिहायला मला आवडलं असतं. पण खरं एवढंच की जिला खरं माहीत होतं ती माझ्याकडे बघत होती आणि तिच्यासमोर माझ्या तोंडून 'नाही' निघेना.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

अर्ज नामंजूर. ट्रॉलीत सर एकदाच म्हणाले, "अरे यार, पोरी," आणि नौकेवरची ट्यूब पुन्हा आवळत बसले.

त्यानंतर ती तळ्यावर आली नाही. मी आठवडाभर घरात येरझाऱ्या घातल्या आणि मग लिहायला बसले. क्रीडा अधिकाऱ्यांना निवेदन, चार पानं. तळी कुणाची, नोटिसा कुणासाठी, वसतिगृहाची दारं कुणाला बंद. बाबांनी वाचून मान हलवली, म्हणजे त्यांना आवडलं. ते घेऊन मी तिच्या घरी गेले. अंगणात पोती भरणं चालू होतं, तांदूळ, भांडी, सतरंजी. दोन दिवसांनी मिरचीचा टेम्पो निघणार होता.

"सही कर," मी म्हटलं.

ती पोत्यावर बसली आणि चारही पानं वाचली. एकेक ओळ, बोट ठेवून.

"यात मी कुठी हाय?"

"सगळं तुझ्यावरच तर आहे."

"यात तळं हाय, शासन हाय. तू हायस, लई हायस." तिने पानं गुडघ्यावर ठेवली. "त्या दिवशी खरं बोलली, तर तुले हलकं वाटलं अशीन. मले नाई वाटलं."

"मग मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

"मी असं म्हटलं का? जाळं मी सोडवलं. त्याचं मी पाहून घेईन. आज अडकलं तरी सोडवीन. पण हात तुले उचलायचा होता, आणि जागा माही गेली." ती मला रागावून बोलत नव्हती, हेच सहन होत नव्हतं. "आपल्या सरांले विचारलं मी. वसतिगृहात चाचणी देऊनबी जाता येते म्हणे. खरं हाय का?"

मला माहीत नव्हतं. चार पानं लिहिताना मी हे कुणालाच विचारलं नव्हतं.

तिने माझं पेन घेतलं आणि शेवटच्या पानाच्या मागे लिहिलं. 'मला वसतिगृहाच्या निवड चाचणीला बसायचे आहे. एप्रिलपर्यंत मी मजुरीला बाहेर आहे, त्यानंतरची तारीख द्यावी.'

"हे नीट अक्षरात लिहून दे. आन् जास्तीचं काही टाकू नको."

कोऱ्या कागदावर मी त्या दोन ओळी उतरवल्या. दुसऱ्या ओळीनंतर माझा हात खाली सरकत होता, तिसरी ओळ आतून ढकलत होती. मी पेनाला टोपण लावलं. तिने सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

टेम्पो गेला त्या दिवशी मी गडचिरोलीची एसटी धरली. क्रीडा कार्यालयात टेबलावरच्या बाबूंनी कागद वाचला, उलटा केला, मागचं कोरं पान पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच."

त्यांनी शिक्का मारला, पोच दिली आणि पुढचा कागद ओढला. थोड्या वेळाने वर पाहिलं तर मी तिथेच.

"बाई, आता काऊन थांबल्या?"

"तारीख पायजे," मी म्हटलं आणि समोरच्या बाकावर जाऊन बसले.