पाच दिवस हात लावायचा नाही

नॉर्वेतल्या बर्गनच्या प्रयोगशाळेत गुन्वोर तीस वर्षं माशांच्या कल्ल्यांतल्या पेशी वाढवत आली होती. त्या वर्षी एका नदीतल्या सॅमन माशांना कीड लागली, आणि ती इतर नद्यांत पसरू नये म्हणून विष सोडून नदी रिकामी करायचं ठरलं. त्याआधी पकडलेल्या शेवटच्या माशाचे कल्ले तिच्याकडे आले. त्या नदीतल्या माशांचं जिवंत असं एवढंच उरणार होतं.

तिने ते सात पाण्यांत धुतले आणि बारीक तुकडे दोन बाटल्यांत ठेवले. तुकडे तळाला चिकटेपर्यंत पाच दिवस हात लावायचा नाही, हा तिचा दंडक.

दुसऱ्याच दिवशी तिचा मदतनीस आयरिक याने एक बाटली उचलून पाहिली. तुकडे सुटून तरंगू लागले; ती बाटली वाया गेली.

“केक फुगला का बघायला भट्टी उघडणारा तूच ना रे?”

“चुकलंच गं माझं.”

नदीत विष सोडलं त्या दिवशी गुन्वोर जेवली नाही, पण उरलेल्या बाटलीकडेही फिरकली नाही.

सहाव्या दिवशी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती बाजूला झाली.

“तू बघ आधी. माझा धीर होत नाही.”

आयरिक बराच वेळ वाकून होता.

“पेशी पसरल्यात गं. फरशी घातल्यासारख्या, एकीला एक लागून.”

गुन्वोर खुर्चीत बसली. मग तिने पेन मागितलं आणि बाटलीवर नदीचं नाव लिहिलं.