ऐंशीवाले काका

साकोलीत नवा माणूस ‘ऐंशीवाले काका’ हे नाव ऐकायचा आणि एखादा थकलाभागला म्हातारा बघायच्या तयारीनं यायचा. समोर उभा राहायचा बासष्ट वर्षांचा, काडीसारखा सडसडीत, ग्रीसनं माखलेला माणूस. “वय नाही बापा, स्पीड!” असं काका खेकसायचे. ताशी ऐंशी मैल, तेही आपल्या आजोबांच्या वयाच्या मोटारीनं. एवढं एकच त्यांना आयुष्यात करून दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं, हे मी बरेच दिवस विचारलं नाही.

ती मोटार विलायती. एका मालगुजार जमीनदाराच्या गोठ्यात पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. काकांनी ती दोरानं ओढत आणली. चाळीस वर्षं ट्रकवर काढलेला माणूस, इंजिनाची नस न् नस ठाऊक. धानगिरणीतल्या भंगाराचे पत्रे ठोकून त्यांनी तिला नवं नाक बसवलं. मग वजन कमी करायच्या नादाला लागले. दारं काढली, दिवे काढले, भोंगा काढला, आरसासुद्धा ठेवला नाही. “मागं कायले पाहाचं? मागं कोण येऊन राहिला आपल्या?” फेरीच्या आधी आठवडाभर ते स्वतःही अर्धपोटी राहायचे. मी म्हटलं, “काका, तुमच्या दोन भाकरींनी काय फरक पडतो?” तर म्हणाले, “तुमाले नाही पडत, तिले पडते.”

माझा संबंध आला तो घड्याळामुळे. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवायचो, शाळेचं स्टॉपवॉच माझ्या ताब्यात. खोलीही त्यांच्या गॅरेजसमोरच. संध्याकाळी सहज डोकावलो की तासभर सुटका नसायची. उठायला लागलो की, “बसा ना मास्तर, एकच बोल्ट कसून राहिलो.” तो एक बोल्ट कधी संपायचाच नाही. आधीच कसलेला बोल्ट ते सैल करून पुन्हा कसताना मी एकदा पाहिलं आणि त्या दिवसापासून घाई करायचं सोडलं. काकू जाऊन सहा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला भिंती तेवढ्या.

एकोडीचा तलाव मे महिन्यात आटला की त्याचा तळ टणक, सपाट पडायचा. तिथं काकांनी पाव किलोमीटर मोजून दोन टोकांना चुन्यानं रंगवलेले खांब रोवले. मधोमध, जरा लांब एक बैलबंडी, तिच्यावर मी घड्याळ आणि नोंदीची वही घेऊन उभा. हे अंतर सात सेकंदांच्या आत तोडलं की ऐंशी झाले. पण नुसतं जाऊन चालत नव्हतं. तासाभरात उलट दिशेनंही तेवढ्यातच यायला हवं. “वाऱ्यानं ढकललेली गाडी कोणाचीबी पळते. वापस आली तं खरी.” जुन्या टायरांना वर्षाकाठी एक जाणं आणि एक येणं, एवढंच सोसायचं. म्हणजे संधी वर्षातून एकदाच.

पहिल्या वर्षी अर्धं गाव छत्र्या घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बसलं होतं. जाताना सहा पूर्णांक आठ! लोक ओरडले. येताना सात पूर्णांक तीन. “हात्तीच्या!” म्हणून लोक उठले. दुसऱ्या वर्षी तेच झालं, तेव्हा बघायला चारपाच जण होते. तिसऱ्या वर्षी मी होतो आणि म्हशी होत्या. पुन्हा तेच. मी म्हटलं, “काका, सरासरी काढली तर जवळपास जमलंच की.” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गणिताचा मास्तर असल्याची मला लाज वाटली. “जवळपास म्हंजे नाहीच.”

पण त्या तिसऱ्या फेरीत माझ्या कानांनी एक गोष्ट पकडली. येताना, दुसरा खांब यायच्या जरा आधी, इंजिनाचा आवाज क्षणभर पडला. बिघाड नव्हता, पाय उचलला गेला होता. परतीच्या वाटेवर बरोबर समोर, पाळीवर, मातामायचं, म्हणजे गावदेवीचं ठाणं येतं. आपल्याकडचा कुठला ड्रायव्हर ठाण्यासमोरून कपाळाला हात न लावता जाईल? हात वर गेला की पाय आपोआप ढिला. चाळीस वर्षांची सवय. येताना दर वर्षी माती होत होती ती एवढ्यापायी.

मी उत्साहानं हे त्यांना सांगितलं. काकांनी हातातला पान्हा खाली ठेवला.

“माहीत आहे मले.”

“मग?”

“माहा ट्रक एकोडीहून निघे ना, तवा तुमची काकू मातामायपाशी येऊन उभी राहे. पाऊस असो, ऊन असो. मी हात करो, ते हात करे. लोकाइले वाटे, काय देवभोळा डायवर आहे! देवीचा मान देवीले, पण हात तिच्यासाठीच जाये, मास्तर. अजूनबी जाते. मी थोडाच उचलतो?”



मागच्या मेमध्ये चौथी फेरी झाली. जाताना सहा-आठ. येताना मी कान देऊन ऐकत होतो. आवाज पडला नाही. खांब मागं पडला. सहा पूर्णांक नऊ! मी बंडीवरून उडीच मारली आणि ओरडत धावलो. काका गाडीत तसेच बसले होते. वेळ त्यांनी विचारलीच नाही.

“माहा हात गेला काय, मास्तर?”

“नाही गेला! ऐंशी झाले काका, ऐंशी!” मी मूर्खासारखा नाचत होतो.

त्यांचा चेहरा उतरत गेला. “मंग आज ते मले दिसलीच नाही,” ते म्हणाले. “आकड्याच्या नादात निंघून गेलो तिच्या समोरून. उभी असन ते तठी.” आणि तो एवढा ताठ माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडला. आसपास कुणी नव्हतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण त्या हाताचा त्यांना काही उपयोग नव्हता, हे मला कळत होतं.

मग डोळे पुसून ते म्हणाले, “वहीत सात-एक लिवा.”

“काका!”

“लिवा ना. पुढच्या मेत पाहू.”

मी आयुष्यात कुणाचा अर्धा मार्क इकडचा तिकडे केला नाही. त्या दिवशी सात पूर्णांक एक लिहिलं.

पुढचा मे काकांना मिळाला नाही. धान कापणीच्या दिवसांत झोपेतच गेले. चहाच्या टपरीवर अजून कुणीतरी विचारतं, “काय मास्तर, बुढ्याचे ऐंशी झालते काय शेवटी?” मी नाही म्हणतो. ते हसतात. मला फार वाईट वाटतं, तरी नाहीच म्हणतो.