शेवटचा के

ओतिलिया बार्रिआ केमची गावच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची. आलेल्यानं ओळखपत्राचा क्रमांक सांगायचा, तिनं लिहून घ्यायचा. आकडे आठ, आणि शेवटी राखणीला एक चिन्ह. उजवीकडून एकेका आकड्याला दोन, तीन, चार असं सातापर्यंत गुणायचं, मग पुन्हा दोनपासून. बेरजेला अकरानं भागून बाकी अकरातून वजा केली की ते चिन्ह मिळतं. अकरा आले तर शून्य, दहा आले तर के हे अक्षर. ओतिलिया हे तोंडी करायची. म्हातारे मुद्दाम एखादा आकडा बदलून सांगत.

"काका, हा तुमचा नव्हे."

"बाई आहे की सापळा!" म्हणत ते खोकल्यासकट हसत. आठांतला कुठलाही एकच आकडा बदलला, की शेवटचं चिन्ह जुळत नाही. हे तिला ठाऊक होतं, जसं भात शिजल्याचं वासावरून कळतं.

तिच्या मुलाची, आरिएलची मासेमारीची बोट परतली नाही, तेव्हापासून ती कामावर जात होती, जेवत होती. रडली नव्हती. धाकटी बहीण निदिया सोबतीला येऊन राहिली होती.

रविवारी दुपारी दक्षिणेकडच्या एका बंदरातून फोन आला. एक देह मिळाला होता. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. खिशातल्या कार्डावरचं नाव पुसलेलं, क्रमांक कसाबसा वाचता येत होता. निदियानं तो कागदावर उतरवला आणि ओरडलीच.

"ताई, शेवटी सात आहे! तीनशे सत्तावन्न! आपल्या आरिएलचे तीनशे एक्कावन्न. बाकीचं सगळं सारखं, पण हा आपला नाही गं! अशी बघतेस काय बावळटासारखी? दुसऱ्या कुणाचा तरी आहे बिचारा."

ओतिलियानं फोन मागून घेतला. "त्यापुढे काय आहे?"

"के," पलीकडचा मुलगा म्हणाला. "तो अगदी स्वच्छ आहे, सेन्योरा."

तिनं आभार मानले.

निदिया डोळे पुसत, हसत बटाटे ताटात वाढत होती. "आज तरी पोटभर जेव. तुझं गणित नको आता."

ओतिलियानं बटाटा सोलला. बेरीज एकशे तेवीस. बाकी दोन. तिनं पुन्हा केली, डावीकडून.

"सात असता तर पुढे नऊ आला असता," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"के एकालाच येतो. तो सात नाही, निदिया. घासलेला एक आहे."

निदियाच्या हातातला डाव तसाच राहिला. "दोन आकडे चुकले असतील. चुकतात की नाही? ताई, सांग ना!"

"चुकतात."

मग ती उठली, कपाटातून आरिएलचा कोरडा स्वेटर आणि पँट काढली, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि बसची वेळ विचारायला शेजारी गेली.